डोहाळजेवणाच्या दिवशी लागलेला सर्व्हर

बीडच्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. संस्था गावोगावच्या शाळांसाठी काम करते आणि माझ्याकडं काम असतं सर्व्हर बसवण्याचं. हे सांगितलं की पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, म्हणजे नेमकं काय करतेस? मग मी सांगते. शाळेत एक कॉम्प्युटर असतो. त्याच्या पोटात धडे, गोष्टी, गणिताचे खेळ, व्हिडिओ असं सगळं भरून ठेवलेलं असतं. पोरं वर्गात टॅब घेऊन बसतात आणि हवा तो धडा त्या कॉम्प्युटरकडून मागून घेतात. इंटरनेट लागत नाही. गावात रेंज असो नसो, शाळेच्या भिंतींच्या आत सगळं चालतं. एवढं ऐकून पाहुणे मान हलवतात आणि म्हणतात, मग आमच्या टीव्हीकडं पण बघ ना जरा.

टीव्हीकडं बघणारे आमचे मामू. बस स्टँडच्या मागं त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं लोक टीव्ही दुरुस्त करायचं सोडून नवा आणायला लागले, तेव्हा मामू कॉम्प्युटरकडं वळले आणि आमच्या संस्थेत आले. वयानं माझ्या वडिलांएवढे. सगळं ऑफिस त्यांना मामू म्हणतं आणि ते मला बेटा म्हणतात. शाळांमध्ये पूर्वी कधीतरी मिळालेले जुने कॉम्प्युटर कापडाखाली झाकून पडलेले असत. मामू ते उघडायचे, आतली धूळ ब्रशनं झाडायचे, उंदरानं कुरतडलेली वायर बदलायचे, नवी डिस्क बसवायचे आणि बटन दाबून पंख्याचा आवाज ऐकत उभे राहायचे. मग म्हणायचे, "जिंदा हाय. आता तुझं तू बघ."

मग माझं सुरू व्हायचं. ती यंत्रं शाळेच्या दप्तरी नोंदलेली, त्यामुळं बीडला आणता यायची नाहीत. जे काय करायचं ते गावात जाऊनच. हेडमास्तरांच्या खोलीत एका खुर्चीवर मी सकाळी बसायचे. आधी मूळ यंत्रणा टाकायची, म्हणजे सगळ्याचा पाया, मग धडे दाखवणारं सॉफ्टवेअर, मग त्याला लागणारी बाकीची सॉफ्टवेअरं, मग वायफाय, मग मराठी अक्षरं, मग घड्याळ, मग प्रत्येक वर्गाचं खातं. मधेमधे पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या चालीनं पुढं सरकायची आणि मी ती बघत बसायचे. दुपारी कुणाच्या तरी घरून डबा यायचा, संध्याकाळी परत निघायचं. एका शाळेला एक अख्खा दिवस.

आणि एवढं करून प्रत्येक शाळेत काहीतरी वेगळंच राहायचं. एका ठिकाणी मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे. एका ठिकाणी घड्याळ कुठल्यातरी परदेशाच्या वेळेवर चालायचं आणि सकाळच्या प्रार्थनेला यंत्रात मध्यरात्र असायची. तिसरीच्या वर्गाला चुकून सातवीचं गणित मिळालं होतं एकदा, आणि तिथल्या मास्तरांनी महिनाभर तक्रार केली नाही, कारण त्यांना वाटलं अभ्यासक्रमच बदलला. हाताचं काम असंच असतं. पोळ्या लाटताना एखादी जाड, एखादी पातळ होते, तसे माझे सर्व्हर.

त्या वर्षी मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं, कामासाठी कुठं कुठं जावं लागतं? मी सांगितलं, केज तालुका, धारूरकडचा डोंगर, पाटोद्याच्या वरच्या वाड्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे सगळे रस्ते मला माहीत आहेत. बाळ होईपर्यंत एकही नाही."

मी रिक्षात बसून घरी आले ती थोडी रडवेली होऊनच. राहिलेल्या शाळा बऱ्याच होत्या, आणि त्या अशा होत्या की त्यांना उशीर करून चालणार नव्हतं. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जायला निघतात. आईबाप सहा-सहा महिने बाहेर, पोरं आजी-आजोबांजवळ. अशा पोरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. जेवण तिथंच, संध्याकाळही तिथंच. त्या लांबच लांब संध्याकाळींसाठी तर हे सर्व्हर हवे होते. पोरांच्या हातात काहीतरी असावं, ऐकायला गोष्ट असावी, म्हणून.

मामूंना सांगितलं तर ते हसले. "यात रडायचं काय हाय? खुशखबर हाय."

"मामू, मग शाळांचं काय? तुम्ही मशीन दुरुस्त कराल, पण पुढचं?"

"पुढचं मला न्हाई जमत बेटा. माझा हात पेचकस-पान्याचा. ते बटनं बडवायचं काम मला कशापायी सांगतीस?"

"एकच बटन दाबायचं असलं तर?"

मामूंनी विचार केला. "एक दाबीन. दोन सांगू नको."

तिथून सुरुवात झाली. मला स्वतःलाच ठाऊक होतं की मी प्रत्येक शाळेत त्याच आज्ञा, त्याच क्रमानं, हातानं टाइप करते. त्या सगळ्या आज्ञा एकदाच नीट लिहून ठेवल्या आणि कॉम्प्युटरलाच सांगितलं की वाच आणि एकेक करत जा, तर माणसाला तिथं बसायची गरज नाही. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमध्ये हे रोज चालतं. मी कधी केलं नव्हतं, कारण मी स्वतः जात होते आणि मला जायला आवडत होतं. आता घरी बसायचं होतं तर करून बघू म्हटलं.

मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत लॅपटॉप मांडला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या दुपारी शेंगा फोडत माझ्याजवळ बसायच्या. आठवडाभर त्यांनी काही विचारलं नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "तू कुणाला एवढं लिहितीस?"

"मशीनला, आत्या. मी नसताना काय काय करायचं ते सांगून ठेवतेय."

त्यांना ते लगेच पटलं. "मी पण बाळंतपणाला माहेरी गेलते तवा तुझ्या सासऱ्यांना असंच सांगून गेलते. दूध कुठं, पीठ कुठं, गॅस कसा बंद करायचा. आल्यावर बघितलं तर सगळे डबे जागच्या जागी. उघडलेच नव्हते. रोज हॉटेलातून आणून खाल्लं."

"मशीन तसं करत नाही. सांगितलं तेवढं करतं."

"मग बरं हाय की," आत्या म्हणाल्या आणि शेंगदाण्याची मूठ माझ्यापुढं ठेवली.

सांगितलं तेवढंच करतं, हाच त्यातला त्रास होता. माणसाला अर्धं सांगितलं तर उरलेलं तो समजून घेतो. यंत्राला फोल्डर कुठं आहे, नसेल तर काय करायचं, आधीच असेल तर काय करायचं, हे सगळं बोलून दाखवावं लागतं. आणि आमच्या भागात आणखी एक गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे लाइट जाणार. मधेच जाणार, कधीही जाणार. लाइट आल्यावर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर संध्याकाळपर्यंत संपणारच नाही, आणि अर्धवट झालेल्यावर पुन्हा तेच केलं तर सगळा चिवडा होईल. म्हणून मी प्रत्येक पायरीला शिकवलं की आधी बघ, हे झालंय का. झालं असेल तर हात लावू नकोस, पुढं हो. राहिलं असेल तर कर.

ऑफिसातल्या एका जुन्या यंत्रावर आम्ही ते करून बघायला लागलो. लाइट घालवायचं काम मामूंकडं. मी म्हणायचे, "आता", आणि ते प्लग ओढायचे. हे काम त्यांना फार आवडलं. जन्मभर लोकांनी त्यांना बंद पडलेलं चालू करायलाच बोलावलं होतं, चालू असलेलं बंद करायला कुणी कधी बोलावलं नव्हतं. पुढंपुढं तर मी काही म्हणायच्या आतच ते ओढायला लागले.

"मामू, मी कुठं सांगितलं?"

"महावितरण तुला इचारून घालवतंय का?"

त्यांचं बरोबर होतं. पहिल्या काही वेळा यंत्र गोंधळलं. मग एका दुपारी मामूंनी प्लग ओढला, पुन्हा लावला, आणि पडद्यावर माझ्याच मराठीत ओळी उमटायला लागल्या. पाया झालेला आहे, पुढे चला. अक्षरे झालेली आहेत, पुढे चला. धडे अर्धे झालेले आहेत, उरलेले भरत आहे. मी खुर्चीत मागं टेकले. पोटात बाळानं लाथ मारली. मामूंनी स्वतःहून बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला.

सगळ्या आज्ञा आणि धडे पेन ड्राइव्हवर भरून घेऊन मामू आधी नांदूरघाटला गेले. मी घरी फोनपाशी. तिथलं सगळं विनातक्रार झालं. मामूंनी एक बटन दाबलं, शाळेसमोरच्या टपरीवर भजी खाल्ली, परत येऊन बघितलं तर पडद्यावर पाटी झळकत होती, नांदूरघाटच्या शाळेत स्वागत असो. त्यांनी फोटो पाठवला. मी तो घरात सगळ्यांना दाखवला, नवऱ्याला दोनदा.

दुसऱ्या दिवशी ते युसूफ वडगावला गेले. दुपारी फोन आला.

"बेटा, मी कुठं हाय?"

"युसूफ वडगावला गेलतात ना?"

"मला पण तसंच वाटत होतं. पण मशीन म्हणतंय नांदूरघाट."

मी कपाळाला हात लावला. गावाचं नाव मी आज्ञांमध्येच घालून ठेवलं होतं. त्या यंत्रानं सांगितलं तेवढं इमानानं केलं होतं. मागून एका मास्तरांचा आवाज आला, "मॅडमला म्हणावं, आमच्या गावाचं नाव बदलायला आधी ग्रामसभा घ्यावी लागतीय." मग सगळी खोली हसली आणि फोनवर मीही. मामूंनी हसू आवरत विचारलं, "आता काय करू? गावकऱ्यांना नांदूरघाटला न्यायचं का?"

नाव तिथल्या तिथं बदलता आलं. पण त्या संध्याकाळी मी आज्ञांच्या सुरुवातीला एक प्रश्न घातला. फक्त एक. यंत्र चालू झालं की ते मराठीत विचारणार, गावाचे नाव काय? उत्तर लिहायचं, बटन दाबायचं, बाकी त्याचं ते. मामूंना हे पटवायला जरा वेळ लागला, कारण त्यांचा करार एका बटनाचा होता.

यानंतर ज्या शाळेची पाळी होती ती बालाघाटच्या डोंगरात, एका वाडीवर. तिथल्या मुख्याध्यापिका मला आधीच माहीत होत्या. उन्हाळ्यात मी यंत्र बघायला गेले होते, तेव्हा त्यांनी मला खडसावून विचारलं होतं, "यात सगळं बाहेरच्यांचं भरलंय. आमच्या लेकरांचं काय हाय यात?"

मग त्याच म्हणाल्या, "आईबापाचा आवाज ठेवता येतो का? जाताना काहीतरी बोलून गेले तर लेकरू रोज ऐकंल. फोन करायला आजीकडं फोन असतोच असं न्हाई. आन् असला तर तिकडं उसाच्या फडात रेंज नसतीय."

मी म्हणाले, येईल. आणि खरंच एक कप्पा करून ठेवला. टॅबवर बोललं की आवाज शाळेच्या यंत्रात साठवला जाईल, आणि पोरानं आपल्या चित्रावर बोट ठेवलं की ऐकू येईल. कप्प्याचं नाव घरचे आवाज. हे बाईंना फोन करून सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाल्या. पण दसऱ्याच्या आधी एका बैठकीला बीडला आल्या, तेव्हा वाट वाकडी करून आमच्या ऑफिसात आल्या आणि पेन ड्राइव्ह पदरात बांधावी तशी पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून घेऊन गेल्या. मामू त्यांच्याकडचं यंत्र आधीच दुरुस्त करून आले होते. मी बजावलं, "बाई, सोमवारी मामू येतील. तोवर लावू नका."

"न्हाई लावत," त्या म्हणाल्या.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी माझं डोहाळजेवण होतं.

आत्यांनी हौसेनं सगळं केलं होतं. हिरवी साडी, हिरवा चुडा, शेवंतीचे दागिने, पाटाभोवती रांगोळी. घर बायकांनी भरलं होतं. केजहून माझी आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली होती. मामू आणि मामी सीताफळांची टोपली घेऊन आले. मामी आत बायकांत बसल्या, मामू बाहेरच्या खोलीत पुरुषांत. ओटी भरायला सुरुवात झाली आणि फोन वाजला. डोंगरातल्या बाईंचा.

"मॅडम, रागावू नका. मी लावलं."

"काय लावलं?"

"मशीन. आमच्याकडं मुकादमाचा ट्रक उद्या पहाटं येणार हाय. परवा येणार होता, उद्यावर आला. सोमवारी मामू येऊन काय करतील? आवाज कुणाचा घेतील? सगळी मंडळी आत्ता शाळेत बसलीयत. मी बटन दाबलं."

माझ्या ओटीत नारळ होता, तांदूळ होते, आणि एका हातात फोन. आईनं डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला, कारण दोन्ही हात आत्यांच्या नणंदेला हवे होते.

"बाई, पडद्यावर काय दिसतंय ते वाचा."

बाईंनी वर्गात वाचून दाखवावं तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "गावाचे नाव काय? ते लिहिलं. पाया घालत आहे. झाला. अक्षरे बसवत आहे. झाली. घड्याळ लावत आहे. झालं. धडे भरत आहे."

आमच्या घरातल्या बायका पुढं सरकल्या. एक काकू म्हणाल्या, "काय चाललंय गं?"

आत्यांनीच सांगितलं. "तिकडं डोंगरात शाळंत मशीन बसतंय. आपली इथं बसलीय आन् ते तिकडं आपलं आपण बसतंय."

"मग तिकडं पण ओटी भरा म्हणावं," काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. फोनमधून बाईंनी विचारलं, "कोण हसतंय?" मी सांगितलं, माझं डोहाळजेवण चाललंय. मग बाई मागं वळून सगळ्यांना म्हणाल्याचं ऐकू आलं, "मॅडमचं डोहाळजेवण हाय आज." आणि तिकडूनही बायकांचा गलका आला. कुणीतरी ओरडून विचारलं, कितवा महिना?

आणि त्या गलक्यातच बाई म्हणाल्या, "लाइट गेली."

माझ्या हातातली सुपारी खाली पडली. बाहेरच्या खोलीतून मामू दारापर्यंत आले, आत बायका आहेत म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "काय म्हणतात?"

"लाइट गेली मामू. धडे भरताना."

"मग काय झालं? आपण किती वेळा घालवली."

पण ऑफिसात घालवणं वेगळं. तिथं फसलं तर मी होते. इथं माणसं बसलेली, ट्रक पहाटे येणार. मी बाईंना सांगितलं, काही करू नका. लाइट आली की मशीन चालू करा, बटन दाबा, बस्स.

"पुन्हा पहिल्यापासून?"

"नाही. त्याला कळेल कुठं थांबलं होतं ते."

"बघू," बाई म्हणाल्या. विश्वास कितपत होता कुणास ठाऊक.

लाइटची वाट बघत डोहाळजेवण पुढं चालू राहिलं. झोक्यावर बसवलं, गाणी झाली. मध्येच बाई फोनवर म्हणायच्या, "न्हाई आली अजून", आणि आमच्याकडं कुणीतरी पुढचं गाणं सुरू करायचं. तिकडच्या बायकांनाही गाणी ऐकू जात होती. थोड्या वेळानं त्यांनीही एक म्हटलं. आमच्याकडं कुणाला माहीत नव्हतं ते. डोंगरातलं असावं, चाल जरा ओढलेली, शब्द जुने. आई पुढं होऊन कान देऊन ऐकत होती. माझ्यापुढं दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एका वाटीवर हात ठेवला आणि फोनमधून आवाज आला, "आली."

सगळ्या माझ्याकडं न बघता फोनकडं बघायला लागल्या.

"चालू केलं. बटन दाबलं." मग बाई वाचायला लागल्या, सावकाश, एकेक शब्द. "पाया झालेला आहे, पुढे चला. अक्षरे झालेली आहेत, पुढे चला. घड्याळ झालेले आहे, पुढे चला. धडे अर्धे झालेले आहेत." इथं त्या थांबल्या. "उरलेले भरत आहे. अगं पोरी, याला खरंच कळालं की."

आतापर्यंत मी मॅडम होते, आता पोरी झाले. उंबऱ्याबाहेर मामूंनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि नवऱ्याच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातला चहा सांडला. वाट्यांचं सगळ्याच विसरल्या. नंतर बघितलं तर दोन्ही रिकाम्या. कुणाच्यातरी पोरीनं पेढाही खाल्ला होता आणि बर्फीही.

जेवणं सुरू होईपर्यंत तिकडचं स्वागताचं पान आलं, गावाच्या बरोबर नावासकट. बाईंनी फोन तसाच चालू ठेवला होता. त्या म्हणाल्या, "आता आवाज घेते. तुमी ऐका." मग कुणालातरी पुढं ढकलल्याचा आवाज आला. एका बापाला पहिला नंबर मिळाला होता. त्यानं घसा खाकरला.

"बोला की," बाई म्हणाल्या.

"काय बोलू? सगळे बघायलेत."

"तुमच्या लेकीला सांगा काय सांगायचं ते."

"आं. आज्जीला तरास देऊ नको. शेळी सांजच्याला आत घेत जा." पुन्हा थांबला. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, गोष्ट सांग. "गोष्ट सांगतो. एक कोल्हा होता. त्याला ऊस लई आवडायचा. तर त्यानं काय केलं, रातच्याला टोळीच्या ट्रकात जाऊन बसला. भांड्याकुंड्यात. कुणाला दिसला न्हाई. ट्रक निघाला कारखान्याला. कोल्हा आतून बघतोय, बार्शी गेली, पंढरपूर गेलं. त्याला वाटलं आता उतरावं. पण ट्रक काय थांबंना." तो माणूस आता रंगात आला होता, मागं पोरं खिदळत होती. "मग कारखान्यावर गेल्यावर मुकादमानं माणसं मोजली. तर एक जास्त भरतंय. कोण हाय कोण हाय. तर कोल्ह्यानं फेटा बांधला..."

इथं तो थांबला.

"मग?" बाईंनीच विचारलं.

"मग राहिलेली गोष्ट मी आल्यावर सांगणार हाय. तोवर तू विचार कर काय झालं असंल."

आमच्या घरात पुरणपोळी वाढता वाढता आत्या हातात तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि हसल्या, आणि मला तूप जास्त वाढलं. त्यानंतर आया बोलल्या. एकीनं फक्त अंगाई म्हटली. एकीला हसू आवरेना, तिनं तेवढंच हसू ठेवलं. बाईंनी फोन ठेवताना म्हटलं, "जेव पोटभर."

पुढच्या शाळांना मामू एकटेच गेले आणि सगळं ठीक झालं. काही ठिकाणी तर मास्तरांनीच करून टाकलं, मामूंना फक्त जेवायला बोलावलं. मी केजला माहेरी गेले. संक्रांतीच्या सुमारास मला मुलगी झाली. बीडहून ऑफिसची मंडळी आली, आत्या रोज फोनवरून तिचं रडणं ऐकायच्या आणि म्हणायच्या, आवाज खणखणीत हाय.

सव्वा महिना झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी रस्ते मोकळे केले. मग मामूंच्या व्हॅनमध्ये आई, मुलगी आणि मी डोंगरात गेलो. ज्वारी काढणीला आली होती. मामू खड्डा दिसला की गाडी अशी चालवत होते की मागून सायकलवाले पुढं निघून गेले.

शाळेत पोरं टॅब घेऊन व्हरांड्यात बसली होती. बाई हसत पुढं आल्या, मुलीला माझ्याकडून घेतलं आणि तिच्याशी बोलत सगळ्या वर्गांतून फिरून आल्या. मी त्यांना म्हणाले, मशीन एकदा बघते, काही नवं टाकायचं आहे.

"ते झालं," बाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"मामूंनी पाठवलं होतं नवं, पेन ड्राइव्हवर. मी टाकलं. आन् पलीकडच्या वाडीवरची शाळा हाय ना, तुमच्या यादीत नव्हती ती. तिथं एक मशीन पडून होतं. मी आन् माझी सहशिक्षिका शनिवारी गेलतो. लावून आलो. लाइट एकदा गेली, पण आमाला काय आता भ्या न्हाई."

मी मामूंकडं बघितलं तर ते हसत होते. त्यांना माहीत होतं. बाईंनी मुद्दाम सांगू नका म्हणून बजावलं होतं त्यांना.

"मग आता मी काय करू इथं?" मी विचारलं.

"जेवायला बसा," बाई म्हणाल्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती. त्यांनी ती माझ्याकडं परत दिली नाही. स्वयंपाकघरात चुलीवर पिठलं रटरटत होतं. मी आणि आई पोरांच्या पंगतीत बसलो. एका पोरीनं माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि म्हणाली, आमच्या शेतातल्या ज्वारीची हाय.